गर्दीतला ताप कॅमेऱ्याला किती दिसतो?

जून २०२० मध्ये रेल्वे सुरक्षा दलाने पुणे स्थानकावर ‘कॅप्टन अर्जुन’ नावाचा एक यंत्रमानव उभा केला आणि प्रवाशांच्या अंगाचे तापमान दुरूनच टिपण्याचे काम त्याच्यावर सोपवले. त्याच सुमारास हिंजवडीतल्या कार्यालयांच्या स्वागतकक्षांत, चाकण आणि भोसरीच्या कारखान्यांच्या फाटकांवर, मॉलच्या दारांत तिपाईवर बसवलेले थर्मल कॅमेरे दिसू लागले. पडद्यावर माणसे निळ्या, पिवळ्या, लाल रंगांत सरकत जात, प्रत्येकाच्या चेहऱ्याशी एक आकडा उमटे आणि तो ठरावीक मर्यादेच्या वर गेला की घंटा वाजे. हे दृश्य इतके खात्रीचे वाटे, की तापाचा माणूस या यंत्राच्या नजरेतून सुटणार नाही असा समज सहज होई. तो समज कितपत बरोबर आहे, हे साथ नसताना शांतपणे तपासून घेणे आवश्यक आहे. पालख्यांचा मुक्काम, गणेशोत्सव आणि मेट्रोची स्थानके यांतली गर्दी पुण्यात असणारच आहे, आणि पुढची साथ आली की असे कॅमेरे घ्यायचे की नाहीत याचा निर्णय महापालिकेला, मंडळांना आणि कंपन्यांना चार दिवसांत घ्यावा लागणार आहे.

आधी हे यंत्र नेमके काय पाहते, ते समजून घेऊ. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार डोळ्यांना न दिसणारे किरण बाहेर टाकत असते. चुलीपासून हातभर अंतरावर बसले तरी धग लागते, ती प्रामुख्याने याच किरणांमुळे. १८०० मध्ये विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने सूर्यप्रकाश लोलकातून नेऊन त्याच्या रंगपट्ट्यात तापमापी ठेवली, तेव्हा तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे, तापमान सर्वांत जास्त भरले. हेच अवरक्त किरण. माणसाच्या त्वचेतून निघणारे अवरक्त किरण साधारण साडेनऊ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास सर्वांत तीव्र असतात आणि तापासाठी वापरले जाणारे बहुतेक थर्मल कॅमेरे ८ ते १४ मायक्रॉन हा पट्टा पाहतात. साधी काच या पट्ट्यातले किरण अडवते, म्हणून या कॅमेऱ्यांचे भिंग बहुधा जर्मेनियमचे असते. भिंगामागच्या सेन्सरवर हजारो सूक्ष्म ठिपके मांडलेले असतात आणि त्यांवर व्हॅनेडियम ऑक्साइडसारख्या पदार्थाचा पातळ थर असतो. किरण पडून एखादा ठिपका किंचित तापला की त्याचा विद्युतरोध बदलतो, आणि त्या बदलावरून समोरच्या पृष्ठभागाचे तापमान काढले जाते.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही, की हा कॅमेरा आपल्याकडे काहीही सोडत नाही. आपल्या अंगातून आपसूक निघणारे किरण तो फक्त झेलतो. थर्मल गन कपाळावर रोखल्याने मेंदूला इजा होते, अशी अफवा २०२० मध्ये मोबाइलवरून पुष्कळ फिरली आणि त्या भीतीने लोक कपाळाऐवजी मनगट पुढे करू लागले. ती भीती निराधार होती. दुसरी गोष्ट अशी, की पडद्यावरचे रंग खरे नसतात. ते आकड्यांना सोयीसाठी दिलेले रंग असतात. माणूस गोरा असो वा सावळा, या तरंगलांबीला त्वचेच्या रंगाने फरक पडत नाही, कारण कुठलीही मानवी त्वचा आपल्या तापमानाला शक्य तेवढ्या किरणांपैकी सुमारे ९८ टक्के किरण बाहेर टाकते. इथवर भौतिकशास्त्र पक्के आहे आणि यंत्रावर संशय घेण्याचे कारण नाही.

अडचण पुढे सुरू होते. कॅमेरा त्वचेचे तापमान पाहतो आणि ताप ही त्वचेची अवस्था नव्हे. शरीराच्या आतले तापमान राखण्याचे काम मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग करतो. संसर्ग झाला की शरीरात तयार होणाऱ्या रसायनांमुळे हा भाग आपली ठरलेली पातळी वर नेतो. समजा, ३७ अंश सेल्सिअसवरून ३९ वर. आता शरीराला दोन अंश चढायचे असतात, म्हणून ते उष्णता बाहेर जाऊ देत नाही. त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हातपाय गार पडतात, अंगावर काटा येतो आणि हुडहुडी भरते. म्हणजे ताप वेगाने चढत असतो, माणूस भर दुपारी पांघरूण मागत असतो, नेमक्या त्या वेळी त्याची त्वचा नेहमीपेक्षा गार असू शकते आणि कॅमेरा त्याला बिनधास्त पुढे जाऊ देतो. ताप उतरताना घाम येतो आणि घाम वाळताना त्वचा पुन्हा थंड होते. शिवाय घरून निघताना पॅरासिटामॉलची गोळी घेतलेली असेल तर दोन-चार तास खरोखरच ताप नसतो, आजार मात्र असतो. वृद्ध माणसांना गंभीर संसर्गातही पुष्कळदा फारसा ताप चढत नाही, हे घरोघरी अनुभवाने माहीत आहे.

याच्या उलट, ताप नसताना त्वचा तापण्याची कारणे पुण्यात पावलोपावली आहेत. मे महिन्यात दुपारी दोन वाजता सातारा रस्त्याने दुचाकीवरून हेल्मेट घालून आलेल्या माणसाचे कपाळ, वातानुकूलित गाडीतून उतरलेल्या माणसाचे कपाळ आणि स्वारगेटच्या फलाटावर तासभर उभ्या असलेल्या माणसाचे कपाळ यांत दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो, आणि तिघेही ठणठणीत असतात. जानेवारीत सकाळी सात वाजता हेच उलटे होते: गार वाऱ्यातून आलेल्या प्रत्येकाचे कपाळ थंड असते, त्यात तापाचा रुग्णही झाकून जातो. सुखद तापमानाच्या खोलीत निरोगी माणसाच्या कपाळाचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस असते, ३७ नव्हे. टाळेबंदीनंतर सोसायट्यांच्या फाटकावर पहारेकरी ज्या नोंदवह्या भरत, त्यांत ओळीने ९४, ९३, ९५ असे फॅरनहाइटमधले आकडे दिसत. शरीराच्या आतले तापमान खरोखर ९३ असेल तर त्या माणसाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागेल. ते आकडे मनगटाच्या त्वचेचे होते आणि त्यावरून ताप आहे की नाही हे ठरवता येण्याजोगे नव्हते. तरीही पानेच्या पाने भरली गेली, कारण नोंद करण्याचा आदेश होता.

मग चेहऱ्यावर अशी जागा आहे का, जिथले तापमान आतल्या तापमानाच्या जवळ राहते? आहे. डोळ्याचा आतला कोपरा, म्हणजे नाकाच्या बाजूचा, जिथे त्वचा अतिशय पातळ असते आणि रक्तवाहिन्या अगदी वर असतात. तापाच्या तपासणीसाठीच्या थर्मल कॅमेऱ्यांसाठी आयईसी ८०६०१-२-५९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि असे कॅमेरे कुठे व कसे लावावेत यासाठी आयएसओची वेगळी मार्गदर्शिका आहे. दोन्ही याच कोपऱ्यावर भर देतात. पण हा भाग काही मिलिमीटरांचाच असतो. चश्म्याची काच हे किरण अडवत असल्याने चश्मा काढावा लागतो. माणसाला क्षणभर थांबून कॅमेऱ्याकडे सरळ पाहावे लागते. मान खाली घालून मोबाइल पाहत चाललेल्या माणसाचा तो कोपरा कॅमेऱ्याला दिसतच नाही. मग यंत्र चेहऱ्यावरची जी काही गरम जागा सापडेल तिचा आकडा दाखवते.

इथे गर्दीचा प्रश्न थेट येतो आणि तो साध्या गणिताने समजतो. बऱ्यापैकी चांगल्या थर्मल कॅमेऱ्याच्या चित्रात आडव्या ओळीत ६४० पिक्सेल असतात. हा कॅमेरा ३.२ मीटर रुंदीचा जिना किंवा बोळ पाहत असेल, तर एका पिक्सेलच्या वाट्याला ५ मिलिमीटर येतात. स्वस्त कॅमेऱ्यात ३२० पिक्सेल असतात, तिथे १० मिलिमीटर. डोळ्याचा तो उबदार कोपरा आणि शेजारची थंड त्वचा, कधी भुवईचे केसही, एकाच पिक्सेलमध्ये मिसळतात आणि जो आकडा मिळतो तो सगळ्यांची सरासरी असतो, म्हणजेच खऱ्यापेक्षा कमी. भरवशाच्या मोजमापासाठी एका पिक्सेलमध्ये चेहऱ्याचा साधारण एक मिलिमीटर भाग यावा अशी अपेक्षा असते. तेवढे हवे असेल तर ६४० पिक्सेलच्या चित्रात जेमतेम ६४ सेंटिमीटर रुंदी मावते. तेवढ्यात एकच माणूस उभा राहू शकतो. मानकाप्रमाणे मोजायचे ठरवले की गर्दी आपोआप बाद होते आणि एकेकाची रांग करावी लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये या यंत्रांविषयी दिलेल्या सूचनांतही हेच स्पष्ट लिहिले होते, की एका वेळी एकाच व्यक्तीचे तापमान घ्यावे आणि अनेकांचे एकत्र तापमान घेण्याची अचूकता सिद्ध झालेली नाही. त्याच सूचनांत खोलीचे तापमान २० ते २४ अंश सेल्सिअस असावे, वारा आणि थेट ऊन नसावे आणि आलेल्या माणसाने मोजमापापूर्वी किमान १५ मिनिटे त्या जागेत थांबावे, असेही म्हटले होते. मंडईच्या चौकात किंवा लक्ष्मी रस्त्यावर यातले काय जमेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

विक्रेत्याच्या पत्रकातला एक आकडा हमखास दिशाभूल करतो, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो. ‘०.०५ अंशापर्यंत संवेदनशील’ असे ठळक छापलेले असते. याचा अर्थ इतकाच, की एकाच चित्रातल्या शेजारशेजारच्या दोन जागांमध्ये ०.०५ अंशाचा फरक असला तर कॅमेऱ्याला तो ओळखता येतो. त्याने दाखवलेला ३७.२ हा आकडा खरोखर ३७.२ आहे का, हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचे उत्तर अचूकतेच्या आकड्यात असते. कारखान्यातल्या मोटारी, वीजजोडण्या तपासण्यासाठी बनवलेल्या कित्येक थर्मल कॅमेऱ्यांची अचूकता अधिक-उणे २ अंश सेल्सिअस असते. तप्त झालेला बेअरिंग शोधायला ती पुरेशी आहे. पण निरोगी माणूस आणि तापाचा माणूस यांच्यात जेव्हा एक-दीड अंशाचेच अंतर असते, तेव्हा दोन अंशांची चूक सगळेच निरर्थक करते. तापासाठीच्या मानकात ही चूक अर्ध्या अंशाच्या आत असावी लागते. ती तशी राखण्यासाठी कॅमेऱ्याच्या दृष्टिक्षेत्रात ‘ब्लॅकबॉडी’ नावाचे एक लहानसे उपकरण ठेवतात. त्याचा काळा पृष्ठभाग ठरलेल्या तापमानावर, उदाहरणार्थ ३५ अंशांवर, विजेने स्थिर राखलेला असतो आणि कॅमेरा प्रत्येक चित्रात त्याच्याकडे पाहून स्वतःचे मोजमाप दुरुस्त करतो. थर्मल कॅमेऱ्याचा सेन्सर स्वतः तापत-गार होत असतो आणि तासागणिक त्याचे आकडे सरकतात, म्हणून ही दुरुस्ती अत्यावश्यक आहे. दारात कॅमेरा आहे आणि समोर ब्लॅकबॉडी नाही, असे दिसले तर त्या कॅमेऱ्याच्या दशांशावर विश्वास ठेवू नये.

काही यंत्रे नेमका आकडा काढण्याचा हट्ट सोडून तुलना करतात. नुकत्याच येऊन गेलेल्या काही माणसांची सरासरी ती सतत काढत राहतात आणि त्या सरासरीपेक्षा एखाद्याचा चेहरा बराच जास्त गरम दिसला तरच त्याला थांबवतात. सकाळी थंडी आणि दुपारी उकाडा असणाऱ्या गावासाठी मला ही पद्धत अधिक समंजस वाटते, कारण हवामानाचा परिणाम सगळ्यांवर सारखाच होत असेल तर तो वजा होतो. सारखाच होत नसेल, म्हणजे एक जण उन्हातून आणि दुसरा गाडीतून आला असेल, तर मात्र तीही फसते. याउलट काही यंत्रांतले सॉफ्टवेअर त्वचेचा आकडा गणिताने ‘शरीराच्या’ तापमानात बदलून दाखवते. हा बदल करताना सगळे आकडे ३६.५ च्या आसपास ओढले जात असतील, तर यंत्र प्रत्येकाला निरोगी ठरवते, पडदा अत्यंत विश्वासार्ह दिसतो आणि तापाचा माणूस त्या दुरुस्तीखाली दडतो. मोजलेला मूळ आकडा आणि दाखवलेला आकडा असे दोन्ही पाहायला मिळावेत, हा आग्रह खरेदी करणाऱ्याने धरलाच पाहिजे.

आता समजा, हे सगळे जमले. उत्तम कॅमेरा आहे, समोर ब्लॅकबॉडी आहे, माणसे एकेक करून येत आहेत. तरीही एक अडचण उरते आणि माझ्या मते या विषयातली तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ती यंत्राची नसून संख्येची आहे. उदाहरणासाठी आकडे धरू: एखाद्या प्रवेशद्वारातून दिवसात १०,००० माणसे येतात आणि त्यांपैकी १० जणांना खरोखर ताप आहे. यंत्र तापाच्या १० जणांपैकी ८ जणांना पकडते आणि ताप नसलेल्या दर १०० जणांपैकी ५ जणांना चुकून थांबवते. ऐकताना हे यंत्र चांगलेच वाटते. प्रत्यक्षात काय होईल? तापाचे ८ जण पकडले जातील, २ सुटतील. उरलेल्या ९,९९० निरोगी माणसांपैकी ५ टक्के, म्हणजे जवळजवळ ५०० जण विनाकारण थांबवले जातील. एकूण ५०८ वेळा घंटा वाजेल आणि त्यांतल्या फक्त ८ वेळा ती बरोबर असेल. थांबवलेल्या साठाहून अधिक माणसांमागे एकाला ताप निघेल. प्रत्येकाला बाजूला घेऊन साध्या थर्मामीटरने पुन्हा तपासायला तीन मिनिटे धरली, तरी ५०८ जणांना २५ तासांहून अधिक काम लागते. ती गर्दी सकाळच्या तीन तासांत येणार असेल तर त्यासाठी किमान नऊ प्रशिक्षित माणसे आणि बसायची जागा लागेल. तेवढी व्यवस्था नसते, म्हणून व्यवहारात असे होते, की पहिल्या दिवशी सगळ्यांना थांबवतात, तिसऱ्या दिवशी घंटा वाजली की ‘उन्हातून आलात का?’ असे विचारून सोडतात आणि आठवड्याने कोणीतरी यंत्राची मर्यादाच वर चढवून ठेवतो. मर्यादा वर नेली की खोट्या घंटा कमी होतात हे खरे. पण त्याबरोबर तापाचे रुग्णही अधिक सुटतात. मर्यादा खाली आणली तर उलट. हा देवाणघेवाणीचा काटा कुठल्याही यंत्राला चुकत नाही.

तेच यंत्र दुसरीकडे नेऊन पाहा. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या साथीत डॉ. नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या होत्या. तशाच एखाद्या ताप तपासणी केंद्रात १,००० माणसे आली आणि त्यांपैकी २०० जणांना ताप आहे असे धरू. यंत्र १६० जणांना पकडेल आणि ८०० निरोगी माणसांपैकी ४० जणांना चुकून थांबवेल. एकूण २०० घंटांपैकी १६० बरोबर, म्हणजे ८० टक्के. यंत्रात तिळमात्र बदल झालेला नाही. बदलली ती समोरची माणसे. गव्हात खडे बरेच असतील तर चाळणीचे काम दिसून येते, पोत्यात दोनच खडे असतील तर चाळणाऱ्याच्या हाती बहुतेक गहूच येतो. म्हणून ‘या कॅमेऱ्याची अचूकता ९५ टक्के आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. तो कुठे लावणार आणि तिथे तापाचे प्रमाण काय असेल, हे सांगितल्याशिवाय त्या ९५ ला अर्थ येत नाही.

याच्याही पुढचा प्रश्न असा, की ताप सापडला म्हणजे रोग सापडला का? पुण्यात पावसाळ्याच्या उत्तरार्धात डेंगीचे रुग्ण वाढतात. डेंगी डासांमुळे पसरतो. त्या रुग्णाला मेट्रोच्या दारात अडवल्याने सहप्रवाशांचे संरक्षण होत नाही. टायफॉइड, मूत्रमार्गाचा संसर्ग, दाताचा गळू यांतही ताप येतो. उलट, ज्याच्यापासून संसर्ग पसरतो त्याला ताप असेलच असे नाही. न्यूयॉर्क परिसरातल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या ५,७०० कोरोना रुग्णांच्या नोंदी २०२० मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यांत तपासणीच्या वेळी ताप असलेले रुग्ण केवळ ३०.७ टक्के होते. आणि हे रुग्णालयात दाखल करण्याइतके आजारी लोक होते. ब्रिटनमधल्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२० मध्येच गणिताने अंदाज मांडला होता, की निघताना आणि उतरताना अशी दोन्हीकडे तापाची तपासणी केली तरी १०० बाधित प्रवाशांपैकी सुमारे ४६ जण सुटतील, कारण काहींना अजून लक्षणेच आलेली नसतील आणि काहींना कधीच येणार नाहीत. २००३ मधल्या सार्सच्या साथीत कॅनडाच्या विमानतळांवर सुमारे ६५ लाख तपासण्या झाल्या, त्यात थर्मल कॅमेरेही होते. सार्सचा एकही रुग्ण त्यातून सापडला नाही.

सगळे रोग सारखे नसतात, हेही इथे नोंदवले पाहिजे. इबोलाचा रुग्ण लक्षणे दिसण्यापूर्वी संसर्ग पसरवत नाही आणि ताप हे त्याचे ठळक लक्षण असते, म्हणून २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतून निघणाऱ्या प्रवाशांचा ताप तपासण्यामागे निश्चित तर्क होता. तरीही लायबेरियाहून निघालेला एक प्रवासी त्या तपासणीतून रीतसर पार झाला, कारण त्या दिवशी त्याला ताप नव्हता, आणि काही दिवसांनी अमेरिकेत डॅलस इथे आजारी पडला. कोरोनात तर लक्षणांच्या आधीच्या दिवसांतही संसर्ग पसरत होता, त्यामुळे तापाच्या कॅमेऱ्याचा पायाच कमकुवत होता. पुण्यात जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये जास्त रुग्णसंख्येच्या पाच प्रभागांत आयसर ही विज्ञान संशोधन संस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांच्या सहभागाने रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले. १,६६४ लोकांच्या त्या पाहणीत ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. म्हणजे शहरभर दारोदारी थर्मल गन रोखल्या जात असतानाच येरवडा, कसबा-सोमवार पेठ, रास्ता-रविवार पेठ, लोहियानगर-कासेवाडी आणि नवी पेठ-पर्वती या भागांत निम्म्या लोकांना संसर्ग होऊन गेला होता आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. या आकड्यावरून थर्मल गन अपयशी ठरल्या असा थेट निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही, कारण छोट्या घरांतला दाट सहवास, एकत्र स्वच्छतागृहे अशी कारणे त्यामागे होती. पण ज्या संसर्गाला ताप न येता एवढे पसरता येते, त्याला दारातला आकडा थोपवू शकत नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

खासगीपणाचा मुद्दा थोडक्यात. आजचे बहुतेक कॅमेरे थर्मल चित्राच्या जोडीला साधे छायाचित्रही घेतात आणि चेहरा ओळखून त्यावर तापमान चिकटवतात. अशी नोंद साठवली की ती त्या माणसाच्या आरोग्याची नोंद होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला आहे. ताप तपासायला चेहऱ्याचे छायाचित्र महिनाभर जपून ठेवण्याची काहीही गरज नसते.

मग ही यंत्रे कुठे वापरावीत? माझे मत असे, की रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाच्या दारात, डायलिसिस किंवा कर्करोगाच्या विभागात जाण्यापूर्वी, वृद्धाश्रमाच्या आतल्या दालनात, म्हणजे जिथे माणसे मोजकी आहेत, हवा नियंत्रित आहे, एकेकाला थांबवता येते आणि शंका आली तर दोन पावलांवर परिचारिका थर्मामीटर घेऊन बसलेली आहे, तिथे थर्मल कॅमेरा उपयोगी आहे. तिथेही त्याने केवळ ‘याला तपासा’ एवढेच सांगायचे असते. ताप आहे की नाही हे तोंडात किंवा काखेत ठेवलेला थर्मामीटरच ठरवतो. पालख्यांच्या बाबतीत पाहिले तर ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात मुक्कामाला येते, तेव्हा वारकरी दिवसभर चालून, कधी उन्हात तापून आणि कधी पावसात भिजून आलेले असतात. वाटेवर टांगलेल्या कॅमेऱ्यासाठी यापेक्षा वाईट परिस्थिती शोधून सापडणार नाही. तोच कॅमेरा मुक्कामाजवळच्या वैद्यकीय पथकाच्या मंडपात, बरे वाटत नाही म्हणून आलेल्या आणि पंधरा मिनिटे सावलीत बसलेल्या माणसांसमोर ठेवला तर डॉक्टरांचा वेळ वाचू शकतो, कारण तिथे तापाचे प्रमाण मुळातच जास्त असते. शहरात एखादा विषाणू वाढतो आहे का, हे कळण्यासाठी तर सांडपाण्याची तपासणी हा कितीतरी चांगला मार्ग आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी कोरोनाच्या काळात त्यावर काम केले आहे, आणि त्यात कोणालाही दारात अडवावे लागत नाही.

एखाद्या संस्थेला हे कॅमेरे घ्यायचेच असतील, तर निविदेत पिक्सेलची संख्या आणि संवेदनशीलतेचा आकडा यांच्याइतकीच जागा अचूकता, ब्लॅकबॉडी आणि मूळ आकडा दाखवण्याची सोय यांना द्यावी. घंटा वाजल्यावर पुन्हा तपासणाऱ्या माणसांचा पगार त्याच अंदाजपत्रकात धरावा. आणि पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला आपल्याच दारात, आपल्याच उजेडात यंत्र लावायला सांगून, वैद्यकीय पथकाकडून त्याच माणसांचे तापमान साध्या थर्मामीटरनेही घ्यावे: एकदा मे महिन्यातल्या भर दुपारी, एकदा जानेवारीतल्या सकाळी आणि दोन्ही वेळा ताप असलेले काही रुग्ण त्यात असतील याची खात्री करून.